इंजिन गेले, फोटो तरी राहू द्या

आमच्या आर्णीला रेल्वे नाही. अरुणावतीच्या काठचं गाव, नागपूर-नांदेड रस्त्यावर. एस.टी. आहे, ट्रॅव्हल्स आहेत, पण रूळ नाहीत. त्यामुळे होस्टेलवर मी वाफेच्या इंजिनाबद्दल बोलायला लागले की मैत्रिणी हमखास विचारतात, "तुमच्या गावात गाडीच येत नाही, तुला इंजिनाचं काय पडलंय?"

मित्रांनो, उत्तर असं की आर्णीला गाडी नसली तरी आमच्या यवतमाळ जिल्ह्याने वाफेचं इंजिन भरपूर पाहिलं आहे. एका बाजूला शकुंतला, दुसऱ्या बाजूला वणीचा कोळसा. दोन्हीकडची वाफेची इंजिनं आता गेली. उरले आहेत ते फोटो, आणि तेही कुणाच्या तरी पेटीत, कपाटावर, माळ्यावर. ते कसे टिकवायचे, हे मी गेल्या वर्षभरात वाचून आणि थोडंफार करून शिकले. तेच या लेखात सांगते आहे.

आधी थोडा इतिहास

वाफेचं इंजिन आणि कोळशाची खाण यांचं नातं मायलेकीचं आहे. खाणीतलं पाणी उपसायला वाफेचा पंप आला आणि खाणीतला कोळसा वाहायला रुळावरचं इंजिन आलं. इंग्लंडमध्ये लीड्सजवळच्या मिडलटन कोळसा खाणीच्या रुळांवर १८१२ साली 'सलामांका' नावाचं इंजिन धावू लागलं. व्यापारी दृष्ट्या यशस्वी ठरलेलं ते पहिलं वाफेचं इंजिन मानतात. १८१४ साली जॉर्ज स्टीफन्सनने आपलं पहिलं इंजिन बनवलं, तेही किलिंगवर्थच्या कोळसा खाणीसाठीच. प्रवासी नंतर आले, कोळसा आधी! पण गंमत बघा, सलामांका कसं दिसत होतं हे आपल्याला फक्त चित्रांवरून कळतं. १८१८ साली त्याचा बॉयलर फुटला आणि फोटोग्राफीचा शोध जगाला जाहीर झाला तो १८३९ मध्ये.

आपल्याकडेही तसंच घडलं. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याला कोळसा सापडला म्हणून १८७० च्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत रेल्वे टाकली गेली. वरोऱ्याची ती सरकारी खाण १९०६ साली बंद पडली, पण रेल्वे राहिली. वर्धा नदीच्या खोऱ्यातला हाच कोळसा आमच्या जिल्ह्यात वणी तालुक्यात आहे. राजूर कॉलरीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. आज त्या भागातल्या बऱ्याच खाणी 'वेकोलि'च्या म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या आहेत.

शकुंतलेची गोष्ट वेगळी. ती कोळशासाठी नव्हे, कापसासाठी आली. किलिक निक्सन कंपनीने काढलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यवतमाळ-मुर्तिजापूर-अचलपूर ही नॅरोगेज लाईन टाकली. रुळांतलं अंतर फक्त ७६२ मिलिमीटर. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं 'झेडडी' वर्गाचं इंजिन १९२३ पासून या रुळांवर आलं आणि १५ एप्रिल १९९४ पर्यंत गाडी ओढत राहिलं. सत्तर वर्षं! आपल्या कॉलेजच्या लॅबमधलं एखादं मशीन सात वर्षं चाललं तरी आपण सरांना विचारतो, हे अजून कसं काय चालतं? त्यानंतर डिझेल आलं, आणि आता तर ती गाडीच चालत नाही.

म्हणजे ज्यांनी या इंजिनात कोळसा टाकला, कॉलरीच्या सायडिंगवर वॅगन जोडल्या, ती माणसं आता सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याकडचे फोटो हा आपल्या जिल्ह्याचा तांत्रिक इतिहास आहे. तो कुठल्याही टेक्स्टबुकमध्ये नाही.

फोटो का खराब होतो?

जुना ब्लॅक अँड व्हाईट फोटो म्हणजे कागदावर जिलेटिनचा पातळ थर आणि त्या थरात चांदीचे अतिसूक्ष्म कण. जिलेटिन हे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनतं, म्हणजे बुरशीच्या दृष्टीने ते चक्क जेवण आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. आपल्याकडे पावसाळ्यात ती त्याहून वर असतेच. म्हणूनच नदीकाठच्या घरात, ओल आलेल्या भिंतीवर लावलेला फोटो आधी खराब होतो. ओलसर जिलेटिन फ्रेमच्या काचेलाही चिकटतं. असा फोटो ओढून काढायला जाऊ नका, चेहरा काचेवर राहील आणि कागद हातात येईल. काचेसकटच त्याचा फोटो काढावा.

दुसरा शत्रू म्हणजे रसायन. फोटो धुताना शेवटी हायपो वापरतात आणि मग तो पाण्याने भरपूर धुवावा लागतो. घाईत कमी धुतलेल्या फोटोत हायपो उरतो, त्यातल्या गंधकाचा चांदीवर परिणाम होऊन सिल्व्हर सल्फाइड बनतं आणि फोटो पिवळा-तपकिरी पडतो. काही फोटो तिरके धरले की काळ्या भागावर निळसर आरशासारखी चमक दिसते. तीही चांदीच. दमट आणि प्रदूषित हवेत तिचं ऑक्सिडेशन होऊन ती पृष्ठभागावर सरकते आणि तिथे पुन्हा धातू बनते. ती चमक पुसायच्या भानगडीत पडू नये.

रंगीत फोटोत चांदी नसते, रंगद्रव्य असतं. ते अंधारातही हळूहळू उडतं. १९७०-८० च्या दशकातले पुष्कळ रंगीत फोटो आज लालसर दिसतात ते त्यातला निळा-हिरवा रंग आधी गेल्यामुळे. त्यामुळे स्कॅन करायला घेताना रंगीत फोटो पहिले घ्या. ब्लॅक अँड व्हाईट थांबू शकतो, रंगीत थांबत नाही.

निगेटिव्हचा प्रश्न अजून गंभीर आहे. पेटी उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर समजायचं की सेल्युलोज ॲसिटेटची फिल्म कुजते आहे. तिच्यातून ॲसिटिक ॲसिड बाहेर पडतं आणि तेच ॲसिड पुढची कुजण्याची क्रिया वाढवतं. केमिस्ट्रीत आपण ज्याला ऑटोकॅटॅलिसिस म्हणतो ते हेच. अशी निगेटिव्ह बाकीच्यांपासून ताबडतोब वेगळी करावी आणि आधी स्कॅन करावी. १९५० च्या आसपासच्या किंवा त्याआधीच्या काही फिल्म नायट्रेटच्या असतात, त्या सहज पेट घेतात. त्यांना उष्णतेपासून दूर ठेवावं आणि जाणकाराला दाखवावं.

आता तापमान. प्रथम वर्षाला आपण अऱ्हेनियसचं समीकरण पाठ केलं आणि परीक्षेनंतर विसरलो. साधा ठोकताळा असा की तापमान १० अंशांनी वाढलं की अशा रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याखालचा माळा किती तापतो हे मी सांगायला नको. तेव्हा फोटो माळ्यावर नको, स्वयंपाकघराजवळ नको, बाहेरच्या भिंतीला लागून नको. घरातल्या मधल्या खोलीतलं कपाट, जमिनीपासून एक हात वर, ही सगळ्यात चांगली जागा. त्याला खर्चही नाही.

काय करावं, काय करू नये

१. हात धुऊन, कोरडे करून फोटो कडेने धरावा. धूळ मऊ ब्रशने झटकावी. पाणी, थुंकी, काच पुसायचं लिक्विड यातलं काहीही लावू नये.

२. लॅमिनेशन अजिबात नको. ते परत निघत नाही. सेलोटेप, फेविकॉल, स्टेपलर, रबरबँड हेही नको.

३. चिकट पानांचे अल्बम आणि ज्यांना नव्या रेनकोटसारखा वास येतो ते पीव्हीसीचे पाऊच वापरू नयेत. पीव्हीसीतून हायड्रोक्लोरिक ॲसिड सुटतं. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचे पाऊच चालतात. ते मिळाले नाहीत तर आम्लरहित कागदाची पाकिटं. वर्तमानपत्रात गुंडाळू नये, त्याचा कागद आम्लधर्मी असतो.

४. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलने, फोटो काचेवर पालथा ठेवून, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनची रेघ पुढच्या बाजूला उमटते. प्लास्टिकचा थर असलेल्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नाही, तिथे पाकिटावर लिहावं.

५. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि अधूनमधून बदलाव्यात. डांबराच्या गोळ्या फोटोंसोबत टाकू नयेत.

स्कॅनिंगचं गणित

४ बाय ६ इंचाचा फोटो ६०० डीपीआयने स्कॅन केला तर २४०० गुणिले ३६०० म्हणजे ८६ लाख ४० हजार पिक्सेल होतात. प्रत्येक पिक्सेलला ३ बाइट धरले तर फाईल साधारण २६ एमबीची होते. मूळ प्रत टिफ फॉरमॅटमध्येच ठेवावी. जेपीईजी दर वेळी नव्याने सेव्ह करताना थोडी माहिती गमावतं. ती वाटण्यापुरती वेगळी बनवावी. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो तर आणखी आकसतो, त्याला जतन केलेली प्रत म्हणता येत नाही.

फोटो लहान असेल तर डीपीआय वाढवावा लागतो. ३५ मिमी निगेटिव्हची चौकट २४ बाय ३६ मिमी असते. तिला ६०० डीपीआय दिले तर पाच लाखही पिक्सेल मिळत नाहीत, २४०० दिले तर जवळपास ७७ लाख मिळतात. स्कॅनर नसेल तर मोबाईलही चालतो. फोटो खिडकीजवळ सपाट ठेवा, फ्लॅश बंद, मोबाईल पुस्तकांच्या दोन चळतींवर आडवा ठेवून अगदी समांतर. कडा कापू नका, पांढरी बॉर्डरही येऊ द्या. आणि मागची बाजू स्कॅन करायची ती करायचीच. स्टुडिओचा शिक्का, तारीख, कागदाच्या कंपनीची छाप हे सगळं तिथे असतं.

प्रती किमान तीन, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. कॉम्प्युटरच्या मित्रांनी प्रत्येक फाईलचं चेकसम काढून ठेवलं तर पाच वर्षांनी फाईल जशीच्या तशी आहे की नाही हे एका मिनिटात कळेल.

एक इशारा आजच्या काळाचा. एआयने जुना फोटो रंगीत आणि स्वच्छ करून देणारी ॲप्स निघाली आहेत. बघायला छान वाटतं. पण ती ॲप्स न दिसणारा भाग अंदाजाने भरतात. पुसट झालेला इंजिनाचा नंबर ती ठळक करून देतील, पण तो खरा असेलच असं नाही. मूळ स्कॅनला हात लावू नका, आणि ॲपची प्रत असेल तर तसं नावातच लिहा.

फोटो वाचायचा कसा?

हा भाग मला सगळ्यात आवडतो. फोटोवर तारीख नसली तरी पुरावे असतात. भारतीय रेल्वेत इंजिनाच्या वर्गाचं पहिलं अक्षर गेज सांगतं. 'डब्ल्यू' म्हणजे १६७६ मिमीचं ब्रॉडगेज, 'वाय' म्हणजे मीटरगेज, 'झेड' म्हणजे ७६२ मिमी आणि 'एन' म्हणजे ६१० मिमी. म्हणजे शकुंतलेचं झेडडी नावावरूनच कळतं. 'डब्ल्यूजी' हे मालगाडीचं इंजिन १९५० पासून आलं, म्हणून डब्ल्यूजी दिसलं की फोटो त्याआधीचा नाही. 'जीआयपी' लिहिलेला डबा नवाकोरा दिसत असेल तर फोटो बहुधा ५ नोव्हेंबर १९५१ च्या आधीचा, कारण त्या दिवशी मध्य रेल्वे झाली. बिगर-कोकिंग कोळशाच्या खाणींचं राष्ट्रीयीकरण १९७३ मध्ये झालं, तेव्हा पाटीवर खासगी कंपनीचं नाव असेल तर फोटो साधारण त्याआधीचा.

मेकॅनिकलवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. समोरून काढलेल्या फोटोत रूळ हीच मोजपट्टी असते. समजा नॅरोगेज इंजिनाच्या अगदी पुढच्या भागाखाली दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर फोटोत ३८ मिमी भरलं. प्रत्यक्षात ते ७६२ मिमी, म्हणजे फोटोतला १ मिमी म्हणजे खरे सुमारे २० मिमी. रुळापासून धुराड्याचं टोक फोटोत १४० मिमी असेल तर खरी उंची साधारण २.८ मीटर. धुराडं थोडं मागे असल्याने उत्तर किंचित कमी येतं, पण ड्रॉइंग नसलेल्या इंजिनाचं माप मिळतं हे काही थोडं नाही. फोटोच्या कडा कापू नका म्हणते ती यासाठीच, खालचे रूळ गेले की मोजपट्टी गेली.

पेटीतले एकतीस फोटो

आमच्या गल्लीत एक आजोबा राहतात. वणी भागातल्या एका कोळसा खाणीत त्यांनी नोकरी केली. त्यांच्याकडे पत्र्याची एक पेटी आहे. त्यात घरच्या लग्नांचे, आर्णीच्या बाबा कंबलपोष यात्रेचे आणि त्यातच खाणीच्या सायडिंगचे असे एकतीस फोटो निघाले. दिवाळीआधी घराला रंग द्यायचा होता आणि पेटी भंगारात जाणार होती. मी त्यांच्या मुलाला म्हटलं, "काका, चार दिवस द्या."

एका फोटोत काळं इंजिन, मागे वॅगन, पुढे सात माणसं. मागची बाजू कोरी. इंजिनावर डब्ल्यूजी दिसत होतं, बाजूला खासगी कंपनीची पाटी. म्हणजे १९५० ते १९७३. मी मोठ्या अभिमानाने आजोबांना हे सांगितलं. ते ऐकून हसले आणि म्हणाले, "इंजिन त कोनी बी ओयखन पोरी, मानसं ओयखनारा पाह्यजे."

आजोबांना आता कमी दिसतं. सहा बाय नऊ सेंटिमीटरच्या त्या फोटोत त्यांना फक्त डाग दिसत होते. मी स्कॅन लॅपटॉपवर चौपट मोठा केला. मग त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवून एकेक सांगायला सुरुवात केली. हा फायरमन, हा पॉईंट्समन, हा हजेरीबाबू, हा पोरगा चहा आणायचा. कोण कुठल्या गावचा, कोणाची बदली झाली, कोण खाणीतल्या अपघातात गेला. मी मोबाईलवर रेकॉर्ड करत गेले आणि रात्री लिहून काढलं. त्यांची नोकरी १९६२ ला लागली आणि फोटोत ते स्वतः बिनमिशीचे आहेत, म्हणून साल १९६२ ते ६५ च्या दरम्यान आलं. हे उत्तर मला कुठलाही फॉर्म्युला देऊ शकला नसता.

एकतीसपैकी एकोणीस फोटोंतली माणसं त्यांनी ओळखली. बारा राहिले. त्यातले सात त्यांच्या वणीच्या एका मित्राला नक्की ओळखता आले असते, असं ते म्हणाले. ते मित्र त्याच वर्षीच्या पावसाळ्यात वारले.

म्हणून माझा मुद्दा एवढाच आहे. आपण समजतो की फोटो कागदामुळे नष्ट होतो. कागद नीट ठेवला तर शंभर वर्षंही जातो. पण नाव सांगणारा माणूस तेवढा थांबत नाही. सिलिका जेल पुढच्या महिन्यात आणलं तरी चालेल, विचारायला मात्र याच सुट्टीत जा.

आपण काय करू शकतो?

आपल्या होस्टेलवर वणी, राजूर, दारव्हा, मुर्तिजापूर, बल्लारपूर, वरोरा, सगळीकडची मुलंमुली आहेत. कुणाचे आजोबा कॉलरीत होते, कुणाचे लोको शेडमध्ये. सुट्टीत घरी गेल्यावर एवढं करा. पेटी उघडा, फोटो मोजा, प्रत्येकाला नंबर द्या. मोठ्या माणसांना शेजारी बसवा आणि प्रत्येक फोटोबद्दल पाच प्रश्न विचारा: कोण, कुठे, केव्हा, काय चाललंय, आणि फोटो कोणी काढला? उत्तरात "अंदाजे" असेल तर तसंच "अंदाजे" लिहा. मूळ फोटो घेऊन येऊ नका, तो त्या घराचा आहे. स्कॅन करा आणि जागच्या जागी परत ठेवा. कुठे छापायचा किंवा दाखवायचा असेल तर आधी परवानगी घ्या. फाईलला 'वणी_सायडिंग_१९६२ते६५_डब्ल्यूजी_०७' असं नाव द्या, मोबाईलने दिलेला आकड्यांचा गठ्ठा तसाच ठेवू नका.

जमा झालेल्या स्कॅनची एक प्रत आपल्या कॉलेजच्या लायब्ररीत ठेवता येईल का, हे सर आणि मॅडमनी बघावं अशी विनंती आहे. एक हार्ड डिस्क आणि एक रजिस्टर, एवढंच लागेल. इंजिनांसाठी नागपूरला मोतीबागेत २००२ साली सुरू झालेलं नॅरोगेज रेल्वे म्युझियम आहे, दिल्लीला १९७७ पासूनचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे. इंजिन तिथे उभं राहील. पण त्या इंजिनासमोर हसत उभे असलेले सात जण कोण, हे त्यांच्या घरच्यांनीच लिहून ठेवायचं आहे. पेन्सिल मऊ घ्या.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)